सायकल काढण्याआधी

केंब्रिज, इंग्लंड

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

जिन्याखालची हिरवी सायकल तुम्ही बाहेर काढलीत आणि सोमवारपासून पहाटे सारसबागेवरून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाणार, हे आईकडून कळलं. फार आनंद झाला. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, त्या दिवसांतली ती सायकल. तिच्या दांड्यावर बसून मी शाळेत गेले आहे. पण नऊ वर्षं ती जागची हललेली नाही. फोनवर सांगितलेलं राहून जातं, म्हणून लिहून पाठवते आहे.

इथे मुलांना इंग्रजी 'एम' अक्षर गिरवल्यासारखी सायकल तपासायला शिकवतात. पुढच्या चाकापासून वर हँडलपर्यंत, तिथून खाली पेडलपाशी, पुन्हा वर सीटला आणि शेवटी मागच्या चाकावर. त्या क्रमाने गेलं की काही सुटत नाही.

टायरमध्ये हवा भरल्यावर त्याच्या कडा नीट बघा. बारीक भेगा असतील तर नक्षी कितीही शाबूत असो, टायर बदलाच. व्हॉल्व्हची रबरी नळीही नवी घाला. चाक उचलून फिरवा. आऊट, म्हणजे वाकडं, असेल तर लगेच दिसेल.

ब्रेकचं मात्र मनावर घ्या. तुमचे ब्रेक तारेचे नाहीत, सळयांचे आहेत. ते रबर रिमला आतून दाबतात, त्यामुळे वरवर बघून झीज कळत नाही. रबरात नख रुतत नसेल तर ते दगड झालंय. नवं घालताना चाक ज्या दिशेला फिरतं, त्या टोकाला रबर धरणाऱ्या पत्र्याच्या खोबणीची बंद बाजू आली पाहिजे. उलटं बसलं तर ब्रेक दाबताच रबर निसटून बाहेर येतं. दुकानात उभं राहून बघा. आणि रिम स्टीलची आहे बाबा, ओली झाली की ब्रेक नीट धरत नाही. पावसात सायकल नकोच.

आता जे आईला सांगितलं नव्हतं ते. मागच्या वर्षी इथे जुनी सायकल घेतली आणि दुकानातून तशीच चालवत निघाले. पहिल्याच वळणावर हँडल वळलं, चाक सरळच गेलं. कोपर फुटलं, मागे गाडी नव्हती म्हणून वाचले. तेव्हापासून रोज पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट धरून हँडल पिळून बघते. तुम्हीही बघा. जरा जरी सरकलं तरी पान्याने आवळल्याशिवाय निघू नका.

सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा. पण पहिला महिना सीट त्याहून थोडी खालीच ठेवा, थांबताना दोन्ही पाय टेकतील. पायजम्याची उजवी बाजू चेनमध्ये जाते, तिला क्लिप लावा.

पहाटे अंधार असतो. डायनॅमोचा दिवा सिग्नलला थांबलात की विझतो, म्हणून मागे सेलवरचा लाल दिवा लावून घ्या. इथे तर अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच, असा कायदा आहे.

सोमवारी निघण्याआधी आईला ब्रेकच्या रबरांचा फोटो काढून पाठवायला सांगा. मी जागी असेन.

तुमची लेक