माश्यांचं अन्न शिजवणाऱ्या ताईंना

ताई, सा. न. वि. वि.

खारघरच्या आमच्या फळमाश्यांच्या प्रयोगशाळेत चेतापेशींचं जे जे चित्र निघतं, त्यामागे तुमचं पातेलं आहे, म्हणून हे जाहीर पत्र.

फळमाशीच्या अळीच्या कातडीखाली वेदना टिपणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांच्या फांद्यांचं जाळं किती दाट होणार, हे पेशीत कोणतं प्रथिन कधी आणि किती बनतं यावर बरंच अवलंबून असतं. नानोस आणि पुमिलिओ ही प्रथिनं ठरावीक आरएनएवर (म्हणजे जनुकातल्या कृतीच्या नकलेवर) बसून त्यापासून प्रथिन बनणं रोखतात. यांपैकी एक जरी नसलं, तरी या पेशींच्या बारीक फांद्या घटतात, हे 2004 साली दिसून आलं. पण अन्नात यीस्ट कमी पडलं, तर अळी लहान राहते आणि याच पेशींना उलट जास्त फांद्या फुटतात! म्हणजे एखादा घाणा यीस्टला कमी निघाला, तर या प्रथिनांच्या जनुकातल्या बिघाडाचा परिणाम त्यात झाकून जाऊ शकतो.

तुमच्या हातचं अन्न दर वेळी सारखंच असतं. लिटरला 80 ग्रॅम मक्याचं पीठ, 15 ग्रॅम यीस्ट, अन्न थिजवणारी 8 ग्रॅम अगर पावडर, सगळं काट्यावर तोलून. पीठ आधी गार पाण्यात कालवता, त्यामुळे गुठळी नाही. तळापर्यंत ढवळता, त्यामुळे करपणं नाही. सगळ्यात मोलाचं म्हणजे थर्मामीटर 60 अंशांखाली आल्याशिवाय तुम्ही बुरशी रोखणारं प्रोपिऑनिक आम्ल घालत नाही. उकळत्यात घातलं तर त्याची वाफ नाकाडोळ्यांत जाते आणि आम्लाने अगर तुटून अन्न थलथलीत राहतं. मग अळ्या खोल रुततात, माश्या चिकटून मरतात. इथल्या जुलैच्या दमट हवेत बाटल्यांच्या आत पाणी सुटतं. तुम्ही मलमलीखाली रात्रभर वाफ जाऊ देता आणि मगच कापसाचे बोळे लावता.

आमचं काम त्यानंतरचं. बिघाड असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही माश्यांना एकाच घाण्याच्या बाटल्या, 25 अंश तापमान, बाटलीत मोजकीच अंडी. दाटी झाली की अळ्या उपाशी राहतात आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते. मग अळी ग्लिसरॉलमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशीच्या फांद्यांची टोकं मोजायची.

यीस्टचा नवा डबा फोडताना त्याचा लॉट नंबर तुम्ही प्रत्येक क्रेटवर लिहिता, त्याचे वेगळे आभार. आकडे अचानक हलले की आम्ही आधी तो नंबर बघतो, जनुकाकडे नंतर वळतो.

आपले,
माशी-खोलीतले सगळे