निळसर भोपळा ठेवणाऱ्या घरांचे आभार

३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, अमेरिकेतल्या एडिसन गावातल्या आमच्या गल्लीत ज्यांनी दाराशी निळसर-हिरवा भोपळा ठेवला होता, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं माहीत नाहीत, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या सहा वर्षांच्या लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. हॅलोविनला मुलं वेश करून दारोदार खाऊ गोळा करतात. गेल्या वर्षी घरी आल्यावर तिची जवळजवळ अख्खी खाऊची पिशवी आम्ही बाजूला काढली. ती काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं. असा भोपळा म्हणजे ‘इथे खाऊशिवायही काहीतरी मिळेल’ ही खूण. टेनेसीत २०१२ साली एका आईने ही पद्धत सुरू केली, २०१४ पासून ती अमेरिकाभर पोचली. त्या माउलीचेही उपकारच.

कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी तर लेकीसमोर खाली बसल्या आणि दोन वाडगे पुढे केले. एकात स्टिकर, दुसऱ्यात अंधारात चमकणाऱ्या बांगड्या. तिने हिरवी निवडली, आणि हातात घालूनच झोपली.

शाळेतल्या हॅलोविनच्या परेडनंतर खाऊच्या प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत बसलेल्या बाई, तुम्हाला मी लांबून पाहत होते. तेव्हा घसा दाटून आला, बोलायचं राहून गेलं. खूप खूप आभार.