घणसोलीच्या काकांना, साडेतीन गुंठ्यांबद्दल

काका, साष्टांग नमस्कार.

भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला देतोच. हे देणं त्यात बसत नाही, म्हणून चारचौघांत लिहितोय.

जानेवारीत लेकीला शाळेत दि. बा. पाटलांवर चार मिनिटं बोलायचं होतं. मी सांगलीकडचा. घणसोलीत नऊ वर्षं काढली, पण दिबा मला माहीत होते ते बॅनरपुरते. इकडून तिकडून जमवून भाषण लिहिलं आणि सहज तुम्हाला दाखवायला खाली आलो. तुम्ही चष्मा चढवलात, 'झुंजार', 'तडफदार', 'कैवारी' या शब्दांवर पेन फिरवलंत आणि म्हणालात, "ह्ये कुनाबी पुढाऱ्याला चालंल. आमचा दिबा कुठं हाय यात?"

खरं सांगतो, थोडा राग आला होता.

मग तुम्ही सांगायला बसलात. १३ जानेवारी १९२६ला उरणच्या जासईत शेतकऱ्याच्या घरी जन्म, पुढे वकिली, शेतकरी कामगार पक्षाकडून पनवेलचे पाच वेळा आमदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते, दोनदा खासदार. हे सगळं तुम्ही रेशनकार्ड वाचावं तसं भराभर उरकलंत. सावकाश झालात ते जमिनीवर आल्यावर. १९७०मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची भातखाचरं, मिठागरं नव्या शहरासाठी गेली. दिबा रस्त्यावर उतरले ते मोबदल्यासाठी. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या तारखा सांगताना तुम्ही लेकीकडे बघत नव्हतात. काकूंनी मधेच चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

"त्यातनं साडेबारा टक्के आलं," तुम्ही म्हणालात. लेकीने विचारलं, म्हणजे किती? तेव्हा तुम्ही लाइटबिल उलटं करून हिशेब मांडलात. गेलेली जमीन एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे. साडेबारा टक्क्यांनी विकसित जमीन परत मिळणार पाच गुंठे. त्यातले तीस टक्के सामाजिक सोयींसाठी कापले, म्हणजे दीड गुंठा. हातात उरले साडेतीन. मी म्हटलं, "फारच कमी की हो!" तुम्ही बिलाची घडी घातलीत. "आधी तेबी नव्हतं."

आणि मग जमिनीकडे बोट दाखवलंत, "ही बिल्डिंग त्यातलीच." नऊ वर्षं मी ज्या जिन्यावरून ये-जा करतो, तो साडेबाराच्या प्लॉटवर आहे हे मला त्या दिवशी कळलं. भाडं वाढवलंत की कुरकुरणारा माणूस मी, तुम्हाला ठाऊकच आहे.

स्पर्धेत नंबर आला नाही. लेक हिशेबातच रमली आणि वेळेची घंटा झाली. दिबांचं २४ जून २०१३ला निधन झालं, ते वाक्य राहूनच गेलं. पण वर्गशिक्षिकेने ते लाइटबिल मागून घेतलं आणि फळ्यावर पुन्हा चाळीस, पाच, साडेतीन असं मांडून दाखवलं. बिल परत आलंय. भरलेलं आहे, काळजी नसावी.

काका, तुमचे मनापासून आभार. काकूंनाही नमस्कार सांगा, त्या गार झालेल्या चहासकट.

लेक आता विचारतेय, कापलेल्या दीड गुंठ्यात आमची बाग येते का. रविवारी तिला खाली पाठवतो, उत्तर तुम्हीच द्या.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू