वकिलाचा सल्ला लेखी हवा

संपादक महोदय,

वकिलांच्या गैरवर्तनाची चर्चा निघाली की पक्षकाराच्या पैशाचा अपहार किंवा खोटी कागदपत्रे यांसारखी प्रकरणे पुढे येतात. कोकणातील तालुका न्यायालयांत अनेक वर्षे वकिली करताना मला मात्र दिसले ते असे, की पक्षकाराचे नुकसान आणि वकिलावरचा ठपका या दोन्हींचे मूळ बहुधा तोंडी व्यवहारात असते.

आपल्याकडे जमीन सामायिक, सातबाऱ्यावर दोन-तीन पिढ्यांची नावे, निम्मे हिस्सेदार मुंबईत, आणि वकिलाकडे येतो तो गावात राहणारा एखादा भाऊ किंवा पुतण्या. गणपतीला सगळे जमले की वाटपाचे ठरते, ओळखीचा वकील सर्वांसाठी एकच मसुदा करून देतो, आणि पुढे हापूसच्या कलमांवरून किंवा वाटेवरून त्याच भावंडांत दावा उभा राहिला की त्यांतील एकाचे वकीलपत्र तोच घेतो. ज्याला सल्ला दिला किंवा ज्याच्या वतीने मसुदा केला, त्याच्याविरुद्ध त्याच प्रकरणात उभे राहण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांची मनाई आहे. नात्यागोत्याच्या गावात नकार देणे जड जाते, हे मी जाणतो. म्हणूनच आपला पक्षकार नेमका कोण, हे पहिल्या भेटीतच ठरवावे आणि इतर हिस्सेदारांनी स्वतंत्र सल्ला घ्यावा, असे त्यांना लेखी कळवावे.

मुदतींचेही तसेच. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर (दाव्याच्या निकालाच्या आदेशावर) जिल्हा न्यायालयात अपील करण्यास 30 दिवस मिळतात. निकालाच्या नकलेसाठी अर्ज केल्यापासून ती मिळेपर्यंतचा काळ त्यातून वगळला जातो. नकलेचा अर्ज देण्याआधी वाया गेलेले दिवस वगळले जात नाहीत. निकाल गावातल्या पुतण्याला सांगितला आणि मुंबईच्या काकांना तो पुढच्या सणाला समजला, तर जबाब कोणी द्यायचा? निकालाच्या दिवशीच मुदतीची अखेरची तारीख लिहून प्रत्येक पक्षकाराला संदेश पाठवणे हे काही मिनिटांचे काम आहे.

किनाऱ्यालगतच्या जमिनींच्या शोध अहवालात, म्हणजे मालकीची कागदपत्रे तपासून वकील देतो त्या अहवालात, तर फार जपावे लागते. कुळकायद्याच्या कलम 43 चा शेरा (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरील बंधनाची नोंद), जुने फेरफार, भरतीरेषेपासूनचे अंतर (ज्यावर बांधकामाचे निर्बंध अवलंबून असतात) यांतील काय तपासले आणि काय तपासले नाही, हे अहवालात स्पष्ट असावे. नुसता सातबारा पाहून ‘मालकी निर्वेध आहे’ असा दाखला देणे मला अक्षम्य वाटते, कारण त्या कागदाच्या भरवशावर एखादे कुटुंब जन्मभराची पुंजी गुंतवते.

वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी दिला. त्यामुळे जबाबदारी टळली, असा समज कोणी करून घेऊ नये. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली ताकीद मिळण्यापासून वकिलीची सनद जाण्यापर्यंत कारवाई होऊ शकते.

माझी तालुका वकील संघटनांना विनंती आहे की, कामाची व्याप्ती, फी, पक्षकारांची नावे आणि निरोप कोणाला द्यायचा, एवढ्या बाबी असलेला एक पानी मराठी करारनामा त्यांनी तयार करून प्रत्येक नव्या सनदधारकाला द्यावा. पक्षकारांनीही कोऱ्या कागदावर सही करू नये आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागून घ्यावी. तशी मागणी केल्याने कोणत्याही वकिलाने दुखावण्याचे कारण नाही.

आपला,
एक वकील, राजापूर