उसाच्या हंगामात रात्री गाडी चालवताना

कराड,
२६ ऑक्टोबर

प्रिय संतोष,

पुढच्या महिन्यापासून तुला शिरोलीत सेकंड शिफ्ट लागणार हे कळलं. म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास सुटून मोटरसायकलवरनं गाव गाठायचं, आणि तेही ऐन गाळप हंगामात. फोनवर हे सगळं नीट बोलणं होत नाही, म्हणून लिहूनच पाठवतोय.

त्या रस्त्यावर मला धास्ती वाटते ती उसाच्या ट्रॉलीची. तुझ्याच बाजूनं, तुझ्यापुढं रेंगाळत चाललेली, नाहीतर पंक्चर होऊन अर्ध्या डांबरावर उभी असलेली. मागचा दिवा बहुतेक वेळा नसतोच. असला तर वायर तुटलेली, आणि चालू असला तरी लोंबणाऱ्या मोळ्यांमागं झाकलेला. वाळकी पाचट आणि धुळीनं माखलेला पत्रा उजेड परत फेकत नाहीत. त्यामुळं ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत काळोखातच मिसळलेली राहते.

आता हिशोब बघ. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. काहीतरी दिसलं, ते काय आहे हे कळलं आणि हात ब्रेकवर गेला, यात दमलेल्या माणसाचा दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात २५ मीटर संपले. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी २३-२५ मीटर लागतात. एकूण झाले पन्नासच्या आसपास. आणि लो बीमवर, म्हणजे हेडलाईटच्या खाली झुकलेल्या उजेडात, अशी मळकट वस्तू साधारण ३०-४० मीटरवर दिसते. म्हणजे ६० वर ट्रॉली दिसते तेव्हा थांबण्याइतकी जागाच उरलेली नसते. ४० वर हाच हिशोब २७ मीटरचा होतो. पंधरा किलोमीटरच्या रस्त्याला साडेसात मिनिटं जास्त लागतील, ती लागू देत.

समोरून लाईट आला की ४० सुद्धा जास्त. डोळे दिपल्यावर परत नीट दिसायला काही सेकंद जातात, आणि नेमकी त्या उजेडाच्या पलीकडंच ट्रॉली उभी असते. म्हणून लाईट लांब असतानाच थ्रॉटल सोडायचा, २५-३० वर यायचं आणि नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची. पट्टी पुसलेली असेल तर डांबराच्या कडेवर. मात्र कडेच्या फार जवळ जाऊ नकोस. चाक साइडपट्टीवर उतरलंच तर घाईनं तिरकं वर चढवू नको, टायर डांबराच्या काठाला घासत राहतो आणि गाडी आडवी होते. वेग अगदी कमी कर, काठापासून थोडा लांब हो आणि मग चाक काठाला जास्तीत जास्त काटकोनात घेऊन चढव.

हेडलाईट या रविवारी बघून घे. सपाट जागेवर भिंतीपासून पाच मीटरवर गाडी धर, स्वतः वर बस आणि लो बीम लाव. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा पाच-सात सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. वर जात असेल तर समोरच्याचे डोळे दिपतात, फार खाली असेल तर तुलाच दिसत नाही. मागं कुणी बसलं की गाडीचं मागचं अंग दबतं आणि बीम वर उठतो, हेही ध्यानात असू दे. बाजारातला स्वस्त एलईडी बल्ब हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये घालू नको. समोर पांढरंशुभ्र दिसतं, पण उजेड विखुरतो आणि लांबवर पोचत नाही.

हेल्मेट आयएसआयचंच घे, त्यावर आयएस ४१५१ लिहिलेलं असतं. रात्री काळी काच अजिबात नको. साध्या काचेवर ओरखडे पडले असतील तर बदल, कारण प्रत्येक ओरखडा समोरचा उजेड पसरवतो. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढा घट्ट.

ब्रेकचं थोडं जास्त सांगतो. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं ते २०१९ पासून. तुझी गाडी २०१७ ची आहे, म्हणजे चाक लॉक होणं तुझ्याच बोटांच्या हातात आहे. मागच्या ब्रेकवर भरवसा ठेवणारे फार, पण ब्रेक मारताच वजन पुढं येतं आणि थांबवण्याचं जास्त काम पुढचं चाक करतं. लिव्हर झटक्यात आवळू नको. आधी हलका दाब, वजन पुढं आलं की वाढवत न्यायचा. पुढचं चाक लॉक झाल्यासारखं वाटलं तर लगेच सोडून परत दाबायचं. गावाबाहेरच्या मोकळ्या सरळ रस्त्यावर दिवसा, ताशी ३० वर, हात बसेपर्यंत कर. आणि ऐनवेळी ट्रॉलीकडं बघत राहू नको. नजर जिकडं खिळते तिकडंच गाडी जाते. बाजूच्या मोकळ्या जागेकडं बघ.

ओव्हरटेक करताना लक्षात ठेव की दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर एसटीपेक्षाही लांब असतो आणि मागची ट्रॉली डोलत असते. ट्रॅक्टरवर गाण्यांचा कर्णा जोरात लावलेला असतो, ड्रायव्हरला हॉर्न ऐकू जात नाही. डिपर दे, म्हणजे हेडलाईट वर-खाली करून खूण कर. तो न विचारता उजवीकडं शेताच्या वाटेला वळू शकतो, म्हणून पुढं उजवीकडं वाट दिसली तर थांब. बाजूला ऊस बाहेर आलेले असतात, ते थेट तोंडाच्या उंचीला. दीड मीटर तरी सोड. डावीकडनं तर कधीच घुसू नको. रस्त्यावर पडलेलं कांडं टायरखाली गोल फिरतं, त्यावर ब्रेक मारू नको, वळवूही नको, सरळ जा. बंद पडलेल्या ट्रॉलीच्या चाकाला लावलेले दगडही बरेच जण तिथंच टाकून निघून जातात.

काकांची ट्रॉली यंदाही कारखान्याला जाणार असेल तर रिफ्लेक्टर पट्टी आणून तूच लाव: मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. आधी पत्रा ओल्या फडक्यानं पुसून कोरडा कर, धुळीवर ती दोन दिवसांत सुटते. मागची पट्टी फाळक्याच्या, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या झडपेच्या, तळाला, मोळ्या झाकणार नाहीत अशी. उरलेला तुकडा तुझ्या गाडीच्या मडगार्डवर आणि हेल्मेटच्या मागं. पुढचा ब्रेक दाबला की मागचा दिवा पेटतो का तेही बघ, लिव्हरचा स्विच बऱ्याचदा गेलेला असतो.

वाटेत कुणी पडलेला दिसला तर आधी तुझी गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घे, मग १०८ ला फोन कर. श्वास चालू असेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नको. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, घाबरू नको.

रविवारी हेडलाईट झाला की फोन कर. काकांना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आठवण सांग.

तुझा,
प्रकाश