कॅमेरा बंद का असायचा

ती. आई-बाबा,
सा. न.

गेले पाच महिने दर रविवारी "रेंज नाही, व्हिडिओ चालत नाहीये" असं सांगतेय, ते खोटं होतं. इथलं, इटलीतल्या पादुआतलं वायफाय आपल्या सांगलीपेक्षा बरंच चांगलं आहे. कॅमेरा लावला की कोपऱ्यात माझाच चेहरा दिसायचा. मग तुमचं बोलणं राहायचं बाजूला, मी आपली हनुवटीवरचे डाग बघत बसायचे. वर्गात सादरीकरण असलं की आधी तासभर बेसिनच्या आरशापुढे. दोनदा तर गेलेच नाही. फोनवर सांगितलं असतं तर आई, तू "काहीतरीच काय, छान तर दिसतेस" म्हणून विषय मिटवला असतास. म्हणून हे पत्र.

बाबा, मोबाइलवर खेळत असते म्हणून रागावलात ना, तो खेळ याचसाठी होता. 'जीजी बॉडी इमेज' नावाचं ॲप आहे. स्क्रीनवर एकेक वाक्य येतं. 'मी नीटनेटकी दिसले नाही तर लोक मला टाळतील' अशा धाटणीचं आलं की बोटाने वर ढकलून द्यायचं, आधार देणारं आलं की खाली, आपल्याकडे ओढायचं. बस, एवढंच. मलाही आधी हसू आलं होतं. पण आमच्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ गाय डोरॉन यांच्याबरोबर २०२१ मध्ये यावर शोधनिबंध छापलाय. दिसण्याच्या चिंतेने फार त्रासलेल्या ५० विद्यार्थिनी घेतल्या, एका गटाला ॲप लगेच दिलं, दुसऱ्याला १६ दिवस थांबवलं. रोज फक्त ३ मिनिटं. आधी वापरणाऱ्या मुलींचा त्रास कमी झाला. पन्नासच मुली, त्यामुळे फार मोठा दावा मी करत नाही. आणि दर गुरुवारी समुपदेशक बाईंकडेही जाते, नुसत्या ॲपवर विसंबून नाही.

गंमत म्हणजे ॲपमधली वाक्यं मी इंग्रजीत वाचते, डोक्यातली मात्र सगळी मराठी. "पोरगी हुशार आहे हो, रंगच तेवढा..." हे वाक्य कोणाचं ते तुम्हाला माहीत आहे. मी सातवीत होते, आतल्या खोलीत. आई, तू तेव्हा काहीच बोलली नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी बेसन-हळदीची वाटी पुढे ठेवलीस. तू मायेनेच ठेवलीस, कळतं मला. पण मला वाटलं, म्हणजे तुलाही ते पटलंय.

ते वाक्य मी वहीत लिहून काढलं आणि बोटाने पानावरून वर ढकललं. वेड्यासारखं. पाच-सहा वेळा ढकललं तेव्हा कुठे हात मोकळा झाला.

या रविवारी तुमच्या अडीच वाजता व्हिडिओ लावते. माझ्या स्क्रीनवरची माझी खिडकी लपवून ठेवेन, म्हणजे तुम्ही दोघंच दिसाल. आई, तेवढं "किती वाळलीस" नको म्हणूस. मेतकूट संपलंय, ते मात्र पाठव.

तुमची,
मनू