एवढ्याशाने काय होतं?

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हा विषय काढला की बोलणं गोळ्या, हवापाणी आणि छोटीची शाळा असं भरकटत जातं, म्हणून सगळं सलग लिहून पाठवतेय. सुट्टीत आम्ही येऊ तेव्हा सकाळी टेबलाशी बसणाऱ्यांपैकी तिघांना सगळं चालणार नाही. बाबांना दूध सोसत नाही, आईला बहुधा गहू बंद होईल आणि छोटीला शेंगदाणा आणि अंडं अजिबात चालत नाही. ही तीन पथ्यं एकाच जातीची समजू नका, हे मला आधी सांगायचंय. आई, तू नेहमी म्हणतेस ना, "एवढ्याशाने काय होतं?" या तिघांसाठी त्याचं उत्तर अगदी वेगवेगळं आहे आणि नाश्त्याला काय करायचं हे त्यावरच ठरतं.

बाबा, तुमचा त्रास त्यातल्या त्यात सौम्य. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला लॅक्टेज नावाचं विकर लागतं. बहुतेक माणसांत ते लहानपणानंतर कमी होत जातं. जगातल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांचं असंच आहे, त्यामुळे याला आजार म्हणणंही मला जड जातं. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि तुमचं पोट फुगतं, गुरगुरतं. त्रास होतो, पण आतड्याला इजा होत नाही. म्हणून तुमच्यापुरतं उत्तर असं की थोड्याने बहुधा काही होत नाही. अशा बऱ्याच लोकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण कपभर दूध, सोसतं, आणि खाण्याबरोबर घेतलं तर अजून बरं. रिकाम्या पोटी मोठा पेला घ्यायची सवय तेवढी सोडा. दही खा, कारण विरजणातले जिवाणू थोडंफार लॅक्टोज आधीच फोडतात. मुरलेल्या कडक चीजमध्ये तर ते जवळजवळ नसतंच. तुम्ही दूध, दही सगळंच तोडलंत हे मात्र मला पटलेलं नाही. या वयात हाडांना कॅल्शियम लागतं आणि स्नायूंना प्रथिनं. नुसता चहा-बिस्किटांचा नाश्ता तुम्हाला पुरणार नाही. वनस्पतींचं दूध आणायचं असेल तर सोयाचं आणा. त्यात गाईच्या दुधाच्या जवळपास प्रथिनं असतात, तर बदामाच्या कपभर दुधात जेमतेम एक ग्रॅम. कॅल्शियम घातलेलं आहे ना हे बघा आणि ओतण्याआधी खोकं नीट हलवा, ते तळाशी बसतं.

आई, आता तुझं. तुला सीलिअॅक, म्हणजे गव्हामुळे आतड्याला इजा होणारा आजार, आहे का हे अजून ठरायचंय, म्हणून हात जोडून सांगते, तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नकोस. रक्ततपासणी झाली आणि डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली तर तीही होऊ दे. जो येईल तो तुला "गहू सोड, बरं वाटेल" असं सांगणार. पण आधीच सोडलास तर रक्तातली प्रतिद्रव्यं कमी होतात, आतड्याचं अस्तर सुधारू लागतं आणि आजार असूनही अहवाल 'नाही' असा येऊ शकतो. मग नक्की काय ते कळण्यासाठी तुला पुन्हा कित्येक आठवडे गहू खावा लागेल.

आणि निदान झालंच, तर ती अॅलर्जीही नव्हे आणि न पचणंही नव्हे. गहू, बार्ली आणि राय यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. हे धान्याशी जोडलेलं आहे हे दाखवून दिलं विलेम-कारेल डिक या डच बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला, आणि त्या दिवसांत सीलिअॅक असलेली मुलं उलट सुधारली. ब्रेड परत आला तशी ती पुन्हा खालावली. त्याला ही शंका त्याआधीपासून होती. इतक्या मुलांच्या भुकेतून तिला बळ मिळालं, हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते.

तुझ्यासाठी 'एवढ्याशाने' आतड्याला इजा होते, भले पोट दुखो वा न दुखो. 'ग्लूटेन-फ्री' म्हणण्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. त्यावरून कल्पना कर, टोस्टरमधला ब्रेडचा चुरासुद्धा का नको ते. रवा, मैदा, दलिया हे सगळं गहूच. मक्याचे कॉर्नफ्लेक्स चालतील असं वाटतं, पण बऱ्याच ब्रँड्समध्ये चवीला बार्लीचं माल्ट असतं. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीही तुला बाद. ओट्स मुळात वेगळे, पण शेतापासून कारखान्यापर्यंत ते गव्हात मिसळतात, म्हणून ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच, आणि तेही डॉक्टरांना विचारून. काही थोड्या लोकांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, राजगिरा, कुट्टू, किनोआ तुझेच आहेत. फक्त पीठ अशा जात्यावरचं नको जिथे आधी गहू दळलाय.

छोटीसाठी उत्तर एका शब्दात आहे: नाही. कणभरही नाही. तिच्या शरीराला शेंगदाण्यातलं प्रथिन शत्रू वाटतं आणि काही मिनिटांत सगळं अंग त्याविरुद्ध उठतं. तुम्ही तिला काही मुद्दाम देणार नाही, हे मला ठाऊक आहे. मला भीती आहे ती जॅमच्या बरणीत गेलेल्या पीनट बटरच्या सुरीची, कच्च्या घाणीच्या शेंगदाणा तेलाची आणि म्यूसलीच्या पाकिटाची. शेंगदाण्याला हात लावला असेल तर साबण आणि पाण्याने धुवा. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण शेंगदाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं. आम्ही असेपर्यंत शेंगदाणे घरात नसलेलेच बरे.

एवढी काळजी घेऊनही कधी तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि त्यासोबत खोकला, घोगरा आवाज, उलट्या किंवा एकदम गळून जाणं असं काही दिसलं, तर आधी अॅड्रेनलिनचं पेन (तातडीच्या इंजेक्शनचं), मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं. मग रुग्णवाहिका. तिला आडवं करून पाय उंच ठेवायचे, श्वास लागत असेल तर बसवायचं, पण चालवायचं नाही. अॅलर्जीचं सिरप हा त्याला पर्याय नाही. सिरप देऊन वाट बघत बसू नका. आल्यावर सरावाच्या पेनवर दोघांकडून करून घेणार आहे. बाबा, तुमचा हात थरथरतो म्हणून तुम्ही मागे राहाल, तसं चालणार नाही.

आता करायचं काय? तीन जणांचे तीन नाश्ते मुळीच नकोत. आई, मला माहितीये, तू सगळ्यांना वाढशील आणि "मी केळं खाते गं" म्हणून बाजूला बसशील. तेच मला नकोय. एकाच तव्यावरचं सगळ्यांनी खाऊ.

तांदूळ आणि मूगडाळ रात्री भिजवून वाटली की सकाळी त्याची धिरडी होतात. त्यात गहू, दूध, अंडं, शेंगदाणा काहीच नाही आणि प्रथिनं भरपूर. छोटीला डाळी चालतात हे डॉक्टरांकडून तपासून घेतलंय. तेल सूर्यफुलाचं घ्या. लोखंडी तवा किंवा लाकडी उलथनं गव्हाचं झालेलं असेल तर आईसाठी नवीन काढा, खाचांमध्ये पीठ राहतं. ज्वारीची किंवा राजगिऱ्याची लापशी पाण्यात शिजवून शेवटी सोयाचं दूध घालता येईल, वर शिजवलेलं सफरचंद. (कच्च्या सफरचंदाने कुणाचं तोंड खाजलं तर शिजवलेलं बहुधा सोसतं, त्यातलं प्रथिन उष्णतेने मोडतं.) गोड पॅनकेक हवे असतील तर एका अंड्याच्या जागी एक चमचा जवसाची पूड, तीन चमचे पाणी, दहा मिनिटं ठेवून. पोह्याचा मोठा चमचा घ्या. मिश्रण छान चिकट होतं. ऑम्लेटला मात्र हा उपाय नाही, आणि छोटी असताना ऑम्लेट नकोच. उकडलेले बटाटे, वर लिंबू-मिरपूड, हे घाईच्या दिवशी.

आई, थायरॉइडची गोळी मात्र आधी, रिकाम्या पोटी. नाश्ता त्यानंतर अर्धा-एक तासाने. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. सोयाही गोळीच्या शोषणात आडवं येतं, तेव्हा रोज सोयाचं दूध सुरू केलंत तर डॉक्टरांना सांग.

बाबा, तुम्ही पाठवलेली ती 'शंभर पदार्थांची असहिष्णुता एका थेंबात' तपासणी करू नका. ती आयजीजी नावाची रक्तातली प्रतिद्रव्यं मोजते, आणि ते फक्त तुम्ही काय खात आलात हे सांगतं. अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना तिला मान्यता देत नाहीत. असल्या कागदावरून निम्मं ताट रिकामं झालेली माणसं मी पाहिलीत.

खरेदीला गेलात की पाकिटामागच्या घटकांचा फोटो मला पाठवा, अक्षरं फार बारीक असतात. नेहमीच्या ब्रँडचाही दर वेळी पाठवा, कारण घटक बदलले तरी पाकीट तसंच दिसतं. आणि आई, अहवाल हातात आला की आधी मला फोन, कणकेचा डबा त्यानंतर हलवायचा.

तुमची लेक